गावणकरांची शिल्लक रजा

गिरगावात आमच्या वाडीत मला ‘पोस्टातले तळपदे’ म्हणतात. मी आयुष्यात एक दिवसही पोस्टात नव्हतो. दादरच्या एका जुन्या शिक्षणसंस्थेत मी मेलचा सर्व्हर सांभाळत असे. निवृत्त झाल्यावर शेजारच्या नानांनी विचारलं, “म्हणजे नक्की काय करत होतास रे?” मी सांगितलं, “लोकांची पत्रं यायची, ती ज्याच्या त्याच्या कप्प्यात पडतात की नाही ते बघायचं. आणि कप्पा उघडायला आलेला माणूस खरंच तोच आहे की नाही, हेही बघायचं.” नाना म्हणाले, “मग पोस्टच की!” मी वाद घातला नाही. तीस वर्षांच्या नोकरीचं इतकं सोपं वर्णन मला स्वतःलाही कधी जमलं नव्हतं.

त्यातलं दुसरं काम मोठं नाजूक. सर्व्हर म्हणजे दारावरचा वॉचमन समजा. हा वॉचमन तोंडं ओळखत नाही. संस्थेचे अध्यक्ष आले काय आणि रस्त्यावरचा कोणी आला काय, तो दोनच गोष्टी विचारतो, नाव आणि पासवर्ड. मग हातातल्या यादीत बघतो. जमलं तर आत, नाहीतर बाहेर. सगळा खेळ त्या यादीचा.

आमच्याकडे सुरुवातीला याद्या दोन होत्या, आणि तिथेच घोळ होता. एक माझी, सर्व्हरवर मी हाताने टाइप केलेली. दुसरी हेडक्लार्क खानोलकरबाईंची, म्हणजे सेवकपट. कोण नोकरीला लागलं, कोण सोडून गेलं, कोण रजेवर आहे, सगळं त्यात. बाईंचा पट अचूक असायचा. माझी यादी कायम मागे. शास्त्राचे एक सर राजीनामा देऊन दुसऱ्या शाळेत गेले, ते बाईंना माहीत होतं, मला कोणी सांगितलंच नाही. सर पुढची दोन वर्षं आमच्या सगळ्या नोटिसा वाचत होते. एकदा तर नोटीस वाचून स्नेहसंमेलनाला आले, जेवले, आणि मसालेभात गार होता म्हणून संस्थेच्याच मेलवरून तक्रार केली.

त्या तक्रारीनंतर मी ठरवलं की आता यादी एकच. माझी यादी मी काढून टाकली आणि बाईंचा पट ज्या डेटाबेसमध्ये होता, त्यालाच सर्व्हर जोडून दिला. आता कोणी दारात आलं की सर्व्हर पटाला विचारणार: हा माणूस आहे का? पासवर्ड जुळतो का? आणि याच्यापुढे ‘कार्यरत’ असं लिहिलंय का? तिन्ही ‘हो’ आले तरच दार उघडणार. मागचं दार नाही, ओळखीपाळखी नाही. मला स्वतःला कोणाला आत घ्यावंसं वाटलं तरी घेता येणार नाही. कुलूप माझं, पण किल्ली बाईंकडे. या व्यवस्थेचा मला भलताच अभिमान होता आणि तो मी भेटेल त्याला ऐकवत असे.

लोकांना मात्र एकच भीती, की तळपदे आपले पासवर्ड वाचतो. मी सांगून थकलो की वाचता येतच नाहीत. शेवटी स्टोअरकीपर गावणकरांनी मला उपमा पुरवली. गावणकर लालबागचे, मूळ मालवणकडचे. ते म्हणाले, “अरे, लालबागला मसाला कुटून आणतो ना आपण? तो कुटल्यावर परत मिरच्या वेगळ्या काढता येतात काय?” अगदी तसंच. पासवर्ड कुटूनच ठेवलेला असतो. तुम्ही दारात पासवर्ड सांगितलात की तोही तसाच कुटायचा आणि दोन्ही मसाले एक निघतात का ते बघायचं. माझ्या वीस मिनिटांच्या भाषणापेक्षा हे एक वाक्य लोकांना पटलं. त्याच गावणकरांनी स्वतःचा पासवर्ड मात्र कागदावर लिहून स्टोअरच्या कपाटाला आतून चिकटवला होता. मी ओरडलो तर म्हणाले, “मी विसरलो तर?” मग तो कागद त्यांनी घरी नेला आणि वहिनींच्या ताब्यात दिला. माझ्या मते तो प्रश्न मिटला होता.

नव्या व्यवस्थेला पहिला दणका बसला गणपतीत. आमच्या संस्थेत निम्मे लोक कोकणातले. चतुर्थीच्या आधी दोन दिवस इमारत ओस पडायची. खानोलकरबाईंच्या पटात त्यासाठी जुना रिवाज होता. जो कोकणात गेला, त्याच्यापुढे त्या ‘रजा’ लिहीत नसत, ‘गावी’ लिहीत. “रजा वेगळी, गावी जाणं वेगळं,” हे त्यांचं ठाम मत. पट कॉम्प्युटरवर आला तेव्हा त्यांनी भांडून ‘गावी’ हा पर्याय त्यात घालून घेतला होता. मी कधी लक्षच दिलं नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुडाळहून मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला.

“तळपदे, तुमचा सर्व्हर मला आत घेत नाही. मी मुख्याध्यापिका आहे!”

“मॅडम, तो पद बघत नाही, यादी बघतो.”

“मग यादीत मी कोण आहे?”

मी पट उघडला. “गावी.”

“अहो, मी गावीच आहे!”

“तेच तर म्हणतोय तो.”

त्यानंतर सावंतवाडी, कणकवली, देवगड अशा क्रमाने फोन सुरू झाले. ‘कार्यरत’ नाही म्हणजे माणूसच नाही, असं समजून सर्व्हरने अर्ध्या संस्थेला हाकलून दिलं होतं. मी नियमात एक ओळ वाढवली: ‘कार्यरत’ चालेल, ‘गावी’ चालेल, आणि हात लागलाच आहे तर कुठल्याही प्रकारच्या रजेवर असलेलाही चालेल. दोन मिनिटांचं काम. माझ्या साऱ्या नोकरीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ मी मोदक खात लिहिली.

पुढच्या शिमग्याच्या सुमारास गावणकर गेले. सकाळी स्टोअरमध्ये खडूचे खोके मोजत होते, दुपारी छातीत दुखलं, संध्याकाळी सगळं संपलं. तीस वर्षं एका जागी बसलेला माणूस. सुट्टीच्या दिवशीही येऊन वह्यांचे गठ्ठे सारखे करत बसायचा. दुपारचा चहा मी त्यांच्याच स्टोअरमध्ये घ्यायचो. ते गेल्यावर चहाची वेळ मी काही दिवस फायली लावण्यात काढली.

त्यानंतर तीन महिने झाले. मी सगळ्या संस्थेला एक नोटीस पाठवली होती: ‘यंदा गणपतीत गावी जाणाऱ्यांचा मेल चालू राहील, काळजी नसावी.’ दुसऱ्या दिवशी सकाळी घाडी माझ्या टेबलापाशी धापा टाकत आला. घाडी आमचा सर्वांत जुना शिपाई, निवृत्तीला वर्ष राहिलेला.

“साहेबानू, गावणकराचो मेल इलो!”

मी म्हटलं, “घाडी, सकाळी सकाळी काय हे?”

त्याने फोन पुढे केला. माझ्या नोटिशीला उत्तर होतं, पाठवणारे गावणकर. मजकूर असा: ‘उद्या दुपारी जमलं तर या. फार महत्त्वाचं काम आहे. कोणाला सांगू नका.’

सगळ्यांना धाडलेल्या नोटिशीचं उत्तरही सगळ्यांनाच जायचं, त्यामुळे हा निरोप संस्थेतल्या दोनशे माणसांना गेला होता.

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. स्टाफरूममध्ये एका बाईंना खुर्चीत बसवून पाणी द्यावं लागलं. चित्रकलेच्या सरांनी सरळ मनाने सगळ्यांना उत्तर धाडलं, ‘कुठे यायचं?’ त्यावर ग्रंथपाल चिडले. मुख्याध्यापिका प्रशिक्षणाला गेल्या होत्या आणि त्यांच्या मेलला आपोआप उत्तर जायची सोय मीच लावून दिली होती. त्यामुळे त्यांच्याकडून गावणकरांना ताबडतोब उत्तर गेलं: ‘आपला निरोप मिळाला. लवकरच भेटू.’ मुख्याध्यापिकांना हे कळलं तेव्हा त्यांनी तिथूनच मला जे सुनावलं, ते इथे छापता येणार नाही.

मी नोंदी तपासल्या. गावणकरांच्या नावाने कोणीतरी रीतसर आत आलं होतं, पहिल्याच प्रयत्नात योग्य पासवर्ड देऊन. भूत असतं तर पासवर्ड न टाकता आलं असतं, इतका मला माझ्या धंद्याचा विश्वास होता. पण मेलेला माणूस यादीत कसा? पट उघडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. गावणकरांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘दीर्घ रजा’.

खानोलकरबाईंच्या टेबलावर जाऊन मी आवाज चढवला. “बाई, हे काय आहे?”

बाई मान खाली घालून बसल्या होत्या. “तिथे ‘मृत’ असं बटण आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्याच्याने नाही दाबलं गेलं. तीस वर्षं मी त्यांच्याकडून पेन्सिली घेतल्या, तळपदे. म्हटलं, चार दिवसांनी करू. मग राहूनच गेलं.” मग डोळे मोठे करून हळूच विचारलं, “खरंच रजा संपवून आले असतील का हो?”

“बटण दाबा,” मी म्हणालो.

“तुम्ही दाबा.”

“मला नाही दाबता येत! किल्ली तुमच्याकडे आहे!”

माझ्याच व्यवस्थेने माझे हात बांधले होते. तोवर प्रकरण कार्यवाह चित्रेसाहेबांकडे गेलं. साहेब स्वभावाने वाईट नव्हते, पण कागदाच्या बाहेर त्यांना काही दिसत नसे. त्यांनी लेखी हुकूम काढला: ‘शनिवारी कार्यालय बंद होण्यापूर्वी कै. गावणकर यांचे नाव सेवकपटावरून कमी करावे.’ आणि खरं सांगायचं तर ते बरोबर होते. गेलेल्या माणसाचा कप्पा उघडा राहिला तर कोण त्यात हात घालील याचा नेम नसतो. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

शुक्रवारी दुपारी मी लालबागला गेलो. बोलावणं त्या दुपारचं होतं आणि पासवर्डचा कागद कुठे आहे हे मला माहीत होतं. चाळीचा जिना चढून वर पोचलो तर दारात घाडी उभा, हातात नारळ आणि कापराची पुडी.

“तू काय करतोस इथे?”

“बोलावला म्हणान इलंय,” घाडी म्हणाला. “नाय इलंय आणि उद्या माझ्या स्वप्नात इलो तर?”

वहिनींनी दार उघडलं आणि आम्हा दोघांना बघून त्या गोंधळल्या. “भावोजी, मी तुम्हाला एकट्यालाच लिहिलं होतं.” मी त्यांना सांगितलं की तो निरोप दोनशे जणांना गेलाय. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. “अगं बाई! म्हणूनच त्या मुख्याध्यापिकांचं ‘लवकरच भेटू’ आलं! मी म्हटलं, किती चांगल्या आहेत.”

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून माझं हसू मावळलं. गावणकरांचे वडील गिरणीत होते. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीसाठी वारस म्हणून गावणकरांनी अर्ज केला होता आणि नंबर लागला होता. अर्जात त्यांनी संस्थेचा मेल दिला होता, ऑफिसचा पत्ता वजनदार दिसतो म्हणून. फोन नंबरही संस्थेने दिलेला, आणि तो फोन त्यांच्यामागे आम्ही स्टोअरच्या किल्ल्यांसोबत जमा करून घेतला होता. वहिनींनी वारसाचे कागद दिले होते, पत्ता बदलायचाही अर्ज केला होता. पण पुढची तारीख कळवणारं पत्र येणार होतं ते जुन्याच मेलवर, आणि पत्ता बदलल्याची खात्रीही तिथेच विचारली जाणार होती. तारखेला हजर राहिलं नाही तर नंबर गेला. म्हणून त्या रोज सकाळी स्वयंपाक आटोपून नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर उघडायच्या.

“ही खोली दिरांच्या नावावर आहे,” त्या म्हणाल्या. “दिवाळीपर्यंत राहा म्हणालेत. पुढे कुठे जायचं ते त्या पत्रावर आहे. तेवढं येईपर्यंत बंद करू नका, भावोजी. एवढंच सांगायला बोलावलं होतं.”

मी बंद करणारच होतो. नाव पटावरून गेलं की आमच्याकडे तो पत्ताच उरत नसे. आलेलं पत्र ‘असं कोणी इथे नाही’ म्हणून परत जाणार. अशी चोख व्यवस्था मीच केली होती, आणि त्या वेळी मला तिची पहिल्यांदा लाज वाटली. घाडीने नारळ वहिनींच्या हातात दिला आणि कापूर खिशात ठेवला.

परत आल्यावर मी सगळं खानोलकरबाईंना सांगितलं. त्या उठल्या, कपाटातून जुनं रजेचं रजिस्टर काढलं आणि चष्मा लावून बसल्या. निघायची वेळ झाली तरी बोट ओळीवरून फिरतच होतं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं चित्रेसाहेबांपुढे उभे राहिलो.

“झालं का नाव कमी?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, गावणकरांची रजा शिल्लक आहे,” बाई म्हणाल्या. “आजारपणाची. एकशे वीस दिवस साठलेत. एक दिवसही वापरलेला नाही.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “बाई, गावणकर वारले ना?”

“वारले. मी स्वतः गेले होते.”

“मग मेलेल्या माणसाला आजारपणाची रजा?”

“आजारी पडल्याशिवाय कोण जातं, साहेब?”

साहेबांनी नियमांची पुस्तिका मागवली. सावकाश वाचली. मग विजयी मुद्रेने म्हणाले, “अर्ज लागतो.”

“नियमात लिहिलंय, कर्मचारी स्वतः असमर्थ असल्यास घरच्यांनी केला तरी चालतो.” बाईंनी वहिनींच्या सहीचा अर्ज टेबलावर ठेवला. तो आणायला घाडी सकाळीच लालबागला जाऊन आला होता.

“डॉक्टरांचा दाखला?”

बाईंनी दुसरा कागद ठेवला. साहेबांनी तो वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला.

“बाई, हा मृत्यूचा दाखला आहे.”

“डॉक्टरांच्याच सहीचा आहे, साहेब. आजाराचं नावही लिहिलंय. नियमात एवढंच मागितलंय.”

मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण समोर बघितलं असतं तर हसू फुटलं असतं. साहेब माझ्याकडे वळले. “तळपदे, तुमच्या सर्व्हरला हे चालतं?”

आयुष्यभर मी लोकांना ‘नियमात बसत नाही’ असं सांगत आलो होतो. या वेळी म्हणालो, “चालतं साहेब. कुठल्याही रजेवरचा माणूस आत येऊ शकतो. तसा नियम आहे.”

“कोणी केला हा नियम?”

“मीच.”

साहेबांनी पुस्तिका मिटली. मग त्यांनी विचारलं, “हे कशासाठी चाललंय?” आम्ही सांगितलं. त्यांनी पुन्हा पेन उचललं. “नव्वद दिवस होऊन गेलेत. उरले तीस. त्यापुढे एक दिवस नाही. आणि तळपदे, त्यांच्या नावाने सगळ्यांना मेल जाता कामा नये.” मी मान डोलावली.

मग वाट बघणं सुरू झालं. रोज सकाळी ऑफिसला आल्यावर मी आधी गावणकरांच्या नोंदी बघायचो. दुसऱ्याचं पत्र मी कधी उघडलं नाही, पण पाकिटावर कोणाचं नाव आहे ते वॉचमनला दिसतंच. वहिनी रोज येऊन जात. पत्रं येत ती खडू आणि डस्टर विकणाऱ्यांची. एका डस्टरवाल्याने तर चार वेळा विचारलं, ‘गावणकरसाहेब, उत्तर का नाही?’ बाई रोज रजिस्टरमध्ये पेन्सिलीने एकेक दिवस खोडत. दहा गेले, पंधरा गेले, वीस गेले. विसाव्या दिवशी बाईंनी मला विचारलं, “किरकोळ रजाही असेल का हो त्यांची?” ती नव्हती. दरवर्षी बुडाली होती.

बाविसाव्या दिवशी पत्र आलं. मी वहिनींना फोन लावला. “ठाऊक आहे, भावोजी,” त्या म्हणाल्या, “सकाळपासून चारदा वाचलं.” दोन दिवसांनी खानोलकरबाई त्यांच्यासोबत सोडतीच्या ऑफिसात गेल्या. कागद तपासून झाले, वहिनींचा स्वतःचा मेल तिथे नोंदला गेला, नंबर त्यांच्या नावावर पक्का झाला.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी गावणकरांचा पुन्हा मेल आला. पुन्हा संस्थेतल्या दोनशे माणसांना. तेवढी वाट बंद करायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. लिहिलं होतं: ‘घराचं काम झालं. सर्वांचे आभार. यांची रजा आता संपवा.’ या वेळी कोणाला पाणी द्यावं लागलं नाही. चित्रकलेच्या सरांनी लगेच सगळ्यांना उत्तर धाडलं, ‘अभिनंदन, गावणकर!’ आणि त्यामागोमाग पन्नासेक जणांनी. चित्रेसाहेबांचंही होतं त्यात.

मी बाईंच्या टेबलापाशी गेलो. त्यांनी पट उघडून ठेवला होता, बोट ‘मृत’वर होतं, पण हात हलत नव्हता. मग त्यांनी रजिस्टर जवळ ओढलं आणि पेन्सिलीने मोजलं.

“तळपदे, अजून तीन दिवस आहेत.”

“काम तर झालं बाई. साहेबांचा हुकूम आहे.”

“हुकूम तीस दिवसांचा आहे,” बाई म्हणाल्या. “तीस वर्षांत पहिल्यांदा घेतलीय त्यांनी. पुरी घेऊ दे.”

गेलेल्या माणसाचं दार त्याच दिवशी बंद व्हायला हवं, असं मी नव्या माणसांना शिकवत आलो होतो. त्या दिवशी मी स्टोअरमध्ये जाऊन गावणकरांच्या खुर्चीसमोर बसलो आणि घाडीला दोन चहा आणायला सांगितले.